अडीच वर्षांचा मुलगा चार-चार दिवस शी दाबून धरतो, काय करू?

पिंपळपान (सोमवार, रात्री 11.50)

घरात सगळे झोपलेत म्हणून आत्ता लिहायला बसले आहे. माझा मुलगा 2 वर्षं 7 महिन्यांचा आहे. आम्ही चिंचवडला राहतो. घरात सासूबाई, नवरा, मी आणि तो. दिवाळीत बार्शीला गावी गेलो होतो. तिथे आठवडाभर त्याचं खाणं म्हणजे चकली, शंकरपाळे आणि दूध. निघायच्या दिवशी लक्षात आलं की तीन दिवस शी झालेली नाही. घरी आल्यावर झाली ती इतकी जाड आणि कडक, की तो किंचाळला. पुसताना रक्ताची रेघ दिसली. तिथून हे सुरू झालं.

आता जानेवारी संपत आला. चौथ्या-पाचव्या दिवशी एकदा होते. आधीचे दोन दिवस तो हॉलच्या पडद्यामागे जाऊन उभा राहतो, पायात पाय अडकवतो, टाचा वर करतो, लालबुंद होतो, कपाळावर घाम येतो. एवढा कुंथतो पण बाहेर काही येत नाही. "शी आली का रे?" म्हटलं की "नाही आली, नाही आली" करत रडायला लागतो. सासूबाईंनी दोनदा साबणाची काडी लावली. शी झाली, पण तेव्हापासून बाथरूमच्या दाराशी नेलं तरी माझ्या गळ्याला घट्ट मिठी मारतो, सोडतच नाही.

आणखी एक. गेल्या आठवड्यापासून दिवसातून तीन-चारदा चड्डीला थोडं थोडं पातळ लागलेलं असतं. मला वाटलं जुलाब. म्हणून पपई बंद केली, दोन दिवस नुसती पेज आणि मऊ भात दिला. तर पोट आणखीच टणक झालं.

दूध दिवसाला चार बाटल्या, प्रत्येकी 200 मिली. जेवणात वरणभात, पोळीचे दोन घास, मध्ये बिस्किटं. भाजी तोंडातून बाहेर काढतो. सर्दीसाठी डॉक्टरांकडे गेलो होतो तेव्हा जाता जाता विचारलं, तर "फळं द्या, पाणी पाजा" एवढंच. फळं दिली, फरक नाही. कामाचा कॉल चालू असतो आणि माझं लक्ष त्या पडद्याकडे. कुणाच्या मुलाचं असं झालं होतं का? कसं सुटलं ते सांगा.

रानजाई (मंगळवार, सकाळी 7.15)

आमच्याकडे काळ्या मनुका लागू पडल्या. रात्री आठ-दहा भिजत घालायच्या, सकाळी त्याच पाण्यात कुस्करून गाळून द्यायच्या. अख्ख्या देऊ नका, घशात अडकतात. सुकं अंजीरही तसंच. पिकलेला पेरू बिया काढून, चिकू, पेर सालासकट किसून. भाजी खात नसेल तर पालक किंवा लाल भोपळा थालीपीठात घालायचा, कळतही नाही. दूध मात्र फार होतंय हो तुमचं.

कृष्णाकाठ (मंगळवार, दुपारी 2.30)

ताई, तुमचं पडद्यामागचं वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. आमची लेक कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत जाऊन उभी राहायची. आता ती पाच वर्षांची आहे, पण ती फट अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्यामुळे जरा लांब लिहिते, वेळ काढून वाचा.

पहिली गोष्ट, तो कुंथत नाहीये. तो शी आत ओढून धरतोय. मलाही हे तीन महिने कळलं नव्हतं. मी समोर बसून "लाव जोर, लाव जोर" म्हणायचे आणि ती बिचारी सगळा जोर उलट्या दिशेला लावत होती. सांगलीच्या बालरोगतज्ज्ञांनी मला एकच विचारलं, "उभी राहते तेव्हा पाय फाकवते की आवळते?" पाय आवळून, टाचा उचलून, अंग ताठ केलं तर शी बाहेर येऊ शकत नाही. मूल ती थांबवत असतं, कारण मागच्या वेळी दुखलं होतं. दुखलं म्हणून धरायचं, धरली की आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, शी आणखी कडक आणि मोठी होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं. ही साखळी एकदा लागली की मूल हट्टी आहे, आळशी आहे, लाडावलंय, यातलं काहीही खरं नसतं. ते घाबरलेलं असतं.

दुसरी गोष्ट, तो जुलाब नाही. आत खडा अडकून बसलाय आणि वरची पातळ शी त्याच्या कडेकडेने झिरपून चड्डीला लागतेय. डॉक्टरांनी लेकीच्या पोटावर डाव्या बाजूला खाली हात ठेवला आणि माझा हात तिथे नेला. लिंबाएवढा टणक गोळा हाताला लागत होता. शिवाय शेवटचा भाग महिनोन्‌महिने ताणला गेला की भरल्याची जाणीवच बोथट होते. चड्डीला लागलेलं त्याला कळतही नसतं. त्यावरून त्याला कुणीही बोलू नका, घरात तशी सक्त ताकीदच द्या. मी एकदा बोलले होते. तिने ती चड्डी गादीखाली लपवली. ती मला सापडली, त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आणि पेज-भात आजच बंद करा.

आता फळांचं. रानजाईताईंनी सांगितलं ते सगळं चांगलं आहे, पण आधीच बसलेला खडा पपईने निघत नाही. आधी तो मोकळा व्हायला लागतो, मग खाण्याचा उपयोग. आम्हाला पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली होती. ती पाण्यात विरघळवून द्यायची. ती पोटात जवळजवळ शोषलीच जात नाही, पाणी धरून ठेवते आणि ते पाणी शीत राहतं, म्हणून शी मऊ होते. काही मुलांना लॅक्ट्युलोजचं गोड सिरप देतात, त्याने सुरुवातीला गॅस होतो. कुठलं आणि किती हे वजनावर ठरतं, त्यामुळे आमचा आकडा मी इथे लिहीत नाही. लिहिला तरी तुम्ही तो वापरू नका. फक्त याच कामासाठी वेगळी वेळ घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. सर्दीच्या रांगेत जाता जाता विचारायचा हा प्रश्न नाही. जाताना चार दिवसांची नोंद लिहून न्या.

पहिले तीन दिवस जास्त डोस होता, साठलेलं निघेपर्यंत. ते तीन दिवस घर धुण्यातच गेले. सासूबाईंना मी आधी सांगून ठेवलं होतं की असं होणार आहे, घाबरून औषध बंद करायचं नाही. हे तुम्हीही करा. नाहीतर पहिल्याच दिवशी घरात कुणीतरी "जुलाब लागले, थांबवा" म्हणतं.

मग रोजचा कमी डोस. इथे माझी चूक झाली. तीन आठवडे रोज मऊ शी झाली, मला वाटलं झालं बरं. मीच पावडर बंद केली. चौदा दिवसांत लेक पुन्हा फटीत. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "शी मऊ व्हायला आठवडा लागतो, भीती जायला महिने लागतात. आणि ताणलेलं आतडं मूळ आकाराला यायलाही महिनेच." पुन्हा पहिल्यापासून. एकूण सात महिने औषध चाललं, शेवटचे दोन महिने थोडं थोडं कमी करत.

रोजची नोंद मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर ठेवायचे. आकारासाठी आमचीच नावं होती. शेळीच्या लेंड्या, भुईमुगाची शेंग, केळं, खिमट. डॉक्टरांकडे सात प्रकारांचा चित्रांचा तक्ता असतो, पण सासूबाईंना आणि नवऱ्याला ही नावं लगेच कळली. फोनवर नुसतं "आज केळं" म्हटलं की माझा दिवस चांगला जायचा.

बसवण्याचं सांगते. जेवणानंतर आतडं आपोआप हलायला लागतं, तीच वेळ साधायची. सकाळच्या खाण्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच मिनिटं, फार तर सात. शी झाली नाही तरी उठवायचं, तोंड पाडायचं नाही. झाली म्हणून नाही, बसली म्हणून शाबासकी. कमोडवर छोटी सीट लावली तरी पाय लोंबकळत असतील तर मुलाला पोटाला जोरच लावता येत नाही. आम्ही पायाखाली जेवायचा लाकडी पाट उभ्या विटांवर ठेवला, गुडघे कमरेच्या वर येतील असा. भारतीय संडासावर बसणं खरं तर सोपं, पण तिला त्या भोकाची भीती वाटायची. आपण आत पडू असं तिला वाटत होतं, हे तिने फार नंतर सांगितलं. आणि हातात पिपाणी. औदुंबरच्या जत्रेतली दहा रुपयांची पिपाणी. फुंकताना पोट आपोआप दाबलं जातं आणि खालचं सैल सुटतं. "जोर लाव" हे शब्द आमच्या घरातून कायमचे गेले.

दूध 800 मिली खूप झालं. आमचंही तेवढंच होतं. आम्ही बाटली बंद करून पेला आणला, दिवसाला दोन पेले, मिळून 400 मिलीच्या आसपास. चार दिवस रडारड झाली. पाचव्या दिवशी तिने स्वतःहून ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून मागितली, कारण पोटात पहिल्यांदा जागा होती. दुधाने पोट भरतं, जेवण जात नाही, रक्तातलं लोहही कमी होतं. तिचं हिमोग्लोबिन तपासलं तेव्हा कमीच निघालं.

इसबगोल मनाने देऊ नका. पाणी कमी पिणाऱ्या मुलाच्या पोटात ते फुगून आणखी अडकू शकतं.

साबणाबद्दल हात जोडून सांगते, पुन्हा नको. तो तुमच्या गळ्याला मिठी का मारतो ते तुम्हीच लिहिलंय.

पिंपळपान (मंगळवार, रात्री 10.40)

कृष्णाकाठ ताई, दोनदा वाचलं. नवऱ्यालाही वाचून दाखवलं. तो मघाशी मुलाच्या शेजारी जाऊन नुसता बसला होता, काही बोलला नाही. आम्ही त्याला "लबाड" म्हणत होतो हो.

शुक्रवारची वेळ मिळाली आहे. पण दोन अडचणी. सासूबाई म्हणतात की इतके महिने औषध दिलं तर सवय लागेल, मग आयुष्यभर औषधाशिवाय होणार नाही. आणि त्यांना साबण नको म्हटलं तर त्या विड्याच्या पानाच्या देठाला एरंडेल लावून तो लावायचा म्हणतात. त्यांनी तीन मुलं अशीच वाढवली. मला त्यांना दुखवायचं नाही, दिवसभर त्याला त्याच सांभाळतात.

नगरची_आजी (बुधवार, सकाळी 6.05)

बाळ, मी 31 वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होते, आता दोन नातवंडं सांभाळते. तुझ्या सासूबाईंच्याच वयाची आहे, म्हणून त्यांची बाजू आधी सांगते. आमच्या वेळी घरात लहान मुलाला देण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. देठ, साबणाची काडी, सहाणेवर उगाळलेली गुटी, पोटावर हिंगाचा लेप. मी स्वतः माझ्या थोरल्याला देठ लावलाय, नोकरीला लागायच्या आधी. तेव्हा शी झाली की सुटलो असं वाटायचं. पोराच्या मनात काय बसलं ते बघायला कुणाला सवड होती?

मग वॉर्डात बघितलं. साबणातल्या खाराने आतली नाजूक त्वचा लाल होते, सोलवटते. आधीच चीर पडलेली असेल तर आग होते. देठाने टोचतं. आणि एरंडेल जबरदस्तीने पाजलं तर मुरडा येतो आणि रडत्या मुलाच्या श्वासनलिकेत तेल जायची भीती असते. त्यांना असं सांग की "तुमचं चुकलं" असं कुणी म्हणत नाही, पण याला मागून काही लावलं की हा आणखी घाबरतो, म्हणून आता पुढून औषध. शुक्रवारी त्यांना बरोबर घेऊन जा. हे महत्त्वाचं आहे. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघून सांगू दे. आणि पोटावरून हात फिरवायचं काम त्यांनाच दे, बेंबीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, कोमट तेल लावून. त्याने मुलाला बरं वाटतं आणि आजीचा हात त्याला पुन्हा आपला वाटायला लागतो.

सवयीचं. ही पावडर आतड्याला चाबूक मारत नाही, नुसती शी ओली ठेवते. त्यामुळे आतडं सुस्त पडत नाही. अर्धवट सोडलेल्या औषधानेच मुलं पुन्हा पुन्हा अडकतात, ते मी खूप बघितलंय. चीर भरेपर्यंत शी झाल्यावर कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसव, त्याला खेळायला दे काहीतरी.

आता नीट वाच. जन्मल्यावर पहिली काळी शी 48 तासांच्या आत झाली होती का, ते आठवून डॉक्टरांना सांग. पहिल्या महिन्यापासूनच त्रास होता की दिवाळीनंतर, तेही. तुझ्या लिहिण्यावरून दिवाळीनंतरचाच दिसतो, ते बरं आहे. पण हिरवी उलटी झाली, पोट फुगून ताणलं, ताप आला, रक्त रेघेपेक्षा जास्त गेलं, वजन वाढत नसेल, चालण्यात किंवा पायाच्या ताकदीत फरक वाटला, तर शुक्रवारची वाट बघायची नाही. त्याच दिवशी जायचं.

आणि एक, ज्यांची तान्ही बाळं आहेत त्या कुणी हे वाचत असतील तर वर्षाच्या आत मध चाटवू नका, पोट साफ व्हायला म्हणूनसुद्धा नाही.

रानजाई (बुधवार, सकाळी 9.20)

आजी, मी देठ लावला होता माझ्या मुलीला. लिहायचं टाळलं होतं काल. बरं झालं तुम्ही सांगितलंत.

पिंपळपान (25 दिवसांनी, रविवार, दुपारी 4.00)

कळवायला उशीर झाला. सासूबाई बरोबर आल्या होत्या. डॉक्टरांनी पोट तपासलं, गोळा होताच. चीरही होती, भरत आलेली. पावडरच दिली. पहिल्या दिवशी काहीच नाही, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सुरू झालं ते चौथ्या दिवसापर्यंत. सासूबाईंनी एकदाही औषध बंद कर म्हटलं नाही. उलट शेजारच्या काकू काही बोलायला लागल्या तर त्यांनाच समजावलं.

आता रोज, किंवा एक दिवसाआड. आमच्याकडे "केळं" हा शब्द नवऱ्याला इतका आवडलाय की ऑफिसमधून तोच विचारतो. चड्डीला लागणं दहाव्या दिवशी थांबलं. दूध दोन पेल्यांवर आलं, सकाळी आणि झोपताना. भाजी अजून बाहेरच काढतो, पण लाल भोपळ्याचे घारगे खातो आणि मनुकांचं पाणी मागून पितो. पिपाणी चिंचवडमध्ये कुठे मिळेना, शेवटी साबणाचे फुगे उडवायची बाटली आणली. ती फक्त तिथेच मिळते, बाहेर नाही. त्यामुळे परवा तो स्वतःहून म्हणाला, "आजी, फुगे करायला चल." बसला, चार फुगे उडवले आणि झाली. मागे वळून बघितलं त्याने, मग आजीकडे बघितलं आणि म्हणाला, "दुखलं नाही." सासूबाई मला बोलवायला आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

पडद्यामागे अजून जातो कधी कधी. औषध मी बंद करणार नाही, तीन महिन्यांनी दाखवायला सांगितलंय. एकच विचारायचं आहे. जूनपासून त्याला प्लेस्कूलला घालायचं आहे. तिथे सकाळचे तीन तास तो दाबून धरेल याची धास्ती वाटते.

कृष्णाकाठ (रविवार, रात्री 9.10)

"दुखलं नाही" वाचून मीही रडले.

प्लेस्कूलचं सांगते. आमची तिथेच पुन्हा अडकली असती. तिथल्या बाथरूममध्ये दिवा नव्हता, ती जायचीच नाही. मी ताईंना वेगळं भेटून सगळं सांगितलं, दिवा लावून घेतला, आणि सुरू व्हायच्या आधी दोन दुपारी लेकीला रिकाम्या शाळेत नेऊन ते बाथरूम दाखवलं, तिच्याच हाताने नळ सोडायला लावला. सकाळी अर्धा तास लवकर उठवायचं, म्हणजे खाऊन झाल्यावर घरीच बसायला वेळ मिळतो, घाई होत नाही. दप्तरात जादा चड्डी, आणि ताईंना स्पष्ट सांगायचं की लागलं तर मुलांसमोर काही बोलायचं नाही. जूनमध्ये डोस कमी करायची वेळ येत असेल तर डॉक्टरांना विचारा, शाळा रुळेपर्यंत महिनाभर आहे तोच ठेवायचा का. आम्ही ठेवला होता.

पिपाणी पाठवायला पत्ता द्या म्हणाले असते, पण इथे पत्ते टाकू नयेत. पुढच्या जत्रेला दोन घेऊन ठेवते, पुण्याला येणं झालं की देईन.